रमजानचा घाणा

शुब्रातल्या त्या गल्लीत आता सगळी मोबाइलची दुकानं झालीत. परवा तिथून जाताना उगाच थांबले, तर आतला दुकानदार म्हणतो, "आजी, चार्जर हवाय का?" आजी म्हणे! अरे बाबा, तू जिथं खुर्ची टाकून बसलायस ना, तिथं एके काळी निम्म्या कैरोच्या केसांचं नशीब शिजत होतं. पण त्याला हे काय सांगणार? नको म्हटलं आणि पुढं निघाले. घरी येईपर्यंत मात्र जीव नुसता तिकडंच ओढत होता.

मी इन्शिराह. रसायनशास्त्र शिकले आणि पहिली नोकरी धरली ती सित्त दौलतच्या, म्हणजे दौलतबाईच्या, कारखान्यात. कारखाना म्हणजे काय, तर तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एक पोलादी टाकी, टाकीत घुसळणारं यंत्र आणि डबे भरायचं एक लांबलचक टेबल. सित्त दौलत मूळची केस सेट करणारी. नवरा गेल्यावर तिनं खुर्च्या विकल्या, टाकी घेतली आणि केसांना लावायचं क्रीम काढायला लागली. आमच्याकडे बायका असलं क्रीम केसांना थापतात, डोक्याला गरम टॉवेल गुंडाळतात आणि तासभर बसून राहतात. लग्न असो, साखरपुडा असो, ईद असो, त्याशिवाय बाई घराबाहेर पडत नाही.

नव्वदीची सुरुवात होती. बाजारात सिलिकोन तेल नवं नवं आलेलं. केसांवरून हात फिरवला की घसरलाच पाहिजे, असं ते तेल. सित्त दौलत त्याच्यावर भाळली. पण एवढ्यावर थांबेल तर ती दौलत कसली! "चकाकी झाली, पण केसाच्या पोटाचं काय? पोटात अन्न नको?" असं म्हणून तिनं त्यात दुधाच्या निवळीतून काढलेलं प्रोटीनही घालायचं ठरवलं. आणि तिथून आमच्या नाकी नऊ आले.

सिलिकोन तेल म्हणजे महातुसडं. पाण्यात मिसळत नाही, दुसऱ्या तेलांशीही त्याचं जमत नाही. ते गरम करायचं, सोबत एक मेणासारखा पदार्थ आणि पाणी घालायचं आणि इतकं घुसळायचं, की तेलाचे अगदी बारीक थेंब होतील आणि प्रत्येक थेंबाभोवती त्या मेणाचं कवच बसेल. मग थेंबाला थेंब भेटत नाही, आणि क्रीम पांढरंशुभ्र, लोण्यासारखं राहतं. इथवर सगळं झकास. पण त्यात प्रोटीन ओतलं की क्रीम त्या दिवशी छान दिसायचं, दुसऱ्या दिवशीही छान, आणि आठवड्याभरानं झाकण उघडावं तर वर तेलाचा तवंग, खाली फुटलेल्या दुधासारखं पाणी. मी पाणी बदललं, प्रोटीन बदललं, डबे बदलले. तेल विकणाऱ्या माणसानं दिलेल्या कागदावर ठळक लिहिलं होतं, की प्रोटीन गरम असतानाच घाला म्हणजे नीट मिसळेल. तेही इमानेइतबारे पाळत होतो. शेवटी आम्ही डब्यावर "हलवून वापरा" असं छापलं आणि गप्प बसलो.

एक गोष्ट मात्र कुणाला उलगडत नव्हती. रमजानात बनवलेला माल कधी फुटायचा नाही. वर्ष लोटलं तरी तसाच. बायकांना तर हे इतकं पाठ झालेलं, की दुकानात येऊन विचारायच्या, "रमजानचा डबा उरलाय का गं? असला तर दे, नाहीतर राहू दे." मी शिकलेली बाई, मला ते पटायचं नाही, पण माझ्याकडे दुसरं उत्तरही नव्हतं. सित्त दौलत छातीवर हात ठेवून म्हणायची, "बरकत आहे गं पोरी, बरकत. सगळंच तुझ्या पुस्तकात कुठून असणार?"

टाकीवर तेव्हा म्हातारा रदवान असायचा. तो थकला आणि गावी मुलाकडे निघून गेला. त्याच्या जागी सित्त दौलतनं बिशायला उभं केलं.

बिशाय आमचा डबे भरणारा. ख्रिस्ती, आमच्या शुब्रातलाच, मनगटावर क्रूस गोंदलेला. आडवा तिडवा देह, झुपकेदार मिशा आणि आवाज असा मऊ, की वाटावं दुसरंच कुणी बोलतंय. थोरल्या मुलाचं नाव मिना, म्हणून सगळे त्याला अबू मिना म्हणायचे. काम करताना ओठातल्या ओठात देवाची गाणी म्हणायचा. मला म्हणायचा "डॉक्टरबाई". मी डॉक्टर नाही हे त्याला हजारदा सांगितलं असेल. "पांढरा कोट घालता ना? मग झालं तर," असं त्याचं उत्तर. त्याच्या हातचा घाणाही वर्षभर रदवानसारखाच फुटत राहिला. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, कारण फुटणं ही आमच्याकडे रीतच होती.

मग रमजान आला. त्या वर्षी आमचा रमजान आणि ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा मोठा उपास एकत्रच आले होते. त्यांच्या उपासात मांस नाही, दूध नाही, तूप नाही, अंडं नाही, आणि बिशायसारखे कडक पाळणारे तर दिवसभर पाण्याचा घोटही घेत नाहीत. रमजानात आमचं काम दुपार कलल्यावर सुरू व्हायचं. तेल तापवून घुसळून होईस्तोवर सूर्य टेकलेला असायचा. मी मात्र तेवढा महिना लवकर निघायचे. घरी आई एकटी रांधणार आणि मी सूर्यास्ताला उपास सोडायची तोफ झाल्यावर आयती जेवायला जाणार, हे आमच्या घरात चालणारं नव्हतं. तेव्हा संध्याकाळी टाकीवर काय चालतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

पहिल्याच दिवशी बिशायनं सगळ्यांना सांगितलं, "तोफ झाली की तुम्ही जा. बसून नीट गरम गरम जेवा. टाकीची काळजी नको, मी आहे."

"अरे, पण तुझं खाणं?" सित्त दौलतनं विचारलं.

"माझाही उपासच आहे, सित्त. फक्त माझ्या उपासाला तोफ नाही. घरी जाऊन जेवेन."

सगळ्यांनी त्याच्या आईबापाला दुवा दिला. डबे भरणाऱ्या बायकांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि मलाही भरून आलं. असा माणूस होता तो. आता असं कुणी कुणासाठी करतं का? करत असतीलही. माझ्या पाहण्यात नाही.

आणि पहिल्या आठवड्यातला सगळा माल फुटला.

रोद अल-फरगच्या सलूनवालीनं डब्यांची पिशवी आणून टेबलावर आपटली. "हा तुमचा रमजानचा डबा? यापेक्षा मागच्या महिन्यातला, शाबानातला बरा होता!" एकेक झाकण उघडलं. सगळ्यांवर तवंग. सित्त दौलतचा चेहरा पांढराफटक पडला. वर्षभर काहीही होवो, रमजानच्या मालावर ईदचा बाजार चालायचा, आणि ईदच्या बाजारावर ती.

हाजी फिक्री तिथंच बसला होता. हा सित्त दौलतचा दीर. माल दुकानांत पोचवायचं काम त्याच्याकडे. माणूस मुळात वाईट नव्हता, पण तोंडाला झाकण नाही. प्रत्येक गोष्टीत आपलंच खरं करायची खोड.

"इतकी वर्षं फुटला का?" तो म्हणाला. "यंदाच का फुटला? विचार कर, वहिनी. यंदा वेगळं काय आहे?"

बिशाय टाकी पुसत होता. त्याचा हात थांबला.

"सगळे जेवायला गेले की टाकीपाशी कोण असतं?" फिक्री पुढं म्हणाला. "मी कुणाचं नाव घेत नाही. पण बरकत ही बरकत असते. ती कुणाच्याही हातून येत नाही."

"हाजी, तोंड सांभाळा!" मी ओरडले. "बाकीचं वर्षभर रदवानच्या हातचाही माल फुटायचाच, तो काय नमाज पढत नव्हता?"

"वर्षभराचं सोड. मी रमजानाचं बोलतोय."

मी सित्त दौलतकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती त्याची अशी काही खरडपट्टी काढेल की गल्ली गोळा होईल. तिनं याआधी कमी कारणांवरून काढली होती. पण ती डब्याकडेच बघत राहिली आणि म्हणाली, "अबू मिना, ईद होईपर्यंत तू डबे भर. टाकीवर दुसरं कुणी बघू. फक्त ईदपर्यंत."

बिशायनं फडकं धुतलं, पिळलं, दोरीवर वाळत घातलं. "बरं, सित्त," म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी डबे भरायला आला नाही. त्याच्या पुढच्याही दिवशी नाही. मला इतका राग आला होता, की काय सांगू! चोर सोडून संन्याशाला फाशी, असा सगळा प्रकार. आणि चोर कोण, तेच माहीत नाही.

फिक्रीनं टाकीवर आपला जावई आणला. साबेर नाव. दिसायला देखणा आणि कामाला शून्य. टाकीच्या बटणाला हात लावतानाही तो जणू आमच्यावर उपकार करायचा. त्याच्या हातचा पहिला घाणा मी मुद्दाम बाजूला ठेवला. चार डबे कढत पाण्याच्या नळीजवळ मांडले, कारण उबेत क्रीम लवकर फुटतं. रोज सकाळी जाऊन बघायचे. आज फुटेल, उद्या फुटेल. नाही फुटलं. पांढरं, घट्ट, चकचकीत. रमजानच्या डब्यासारखाच रमजानचा डबा.

फिक्रीला तर अस्मान ठेंगणं झालं. "काय डॉक्टरीणबाई? पुस्तक काय म्हणतं?" गल्लीत ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. भाजीवाला, पाववाला, समोरची शिंपीण, सगळ्यांच्या तोंडी तेच. ख्रिस्ती माणूस हटला आणि बरकत परत आली. ज्यांच्या लग्नात बिशाय नाचला होता, ज्यांच्या बापांच्या मयतीत पुढं होऊन खांदा दिला होता, तीच माणसं हे बोलत होती. वाईट मनानं नाही हो, तसं मी म्हणणार नाही. तोंडाला विषय मिळाला म्हणून बोलत होती. पण विषय कुणाचा होता?

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं मी घसा कोरडा करून सांगत होते. पण माझ्या सांगण्याला किंमत काय? माल तर त्यांच्या बाजूनं बोलत होता. घाणा कशानं टिकला, हे दाखवल्याशिवाय बिशायच्या कपाळावरचा तो शिक्का पुसला जाणार नव्हता. जन्मभर नाही.

मग मी साबेरला गाठलं. जरा गोड बोलले. "साबेर, तुझ्या हाताला गुण आहे रे. नेमकं कसं केलंस, सांग ना."

तो आधी फुलला, मग इकडंतिकडं बघून आवाज बारीक केला. "दौलतमावशीला सांगणार नाही ना?"

"नाही सांगत."

"मी काय केलं? काहीच नाही. तोफ झाली तशी बटण बंद केलं आणि आईकडे गेलो. तिनं बदक केलं होतं भरून. मग गोडाला कुनाफा. मग जरा आडवा झालो. परत आलो तर टाकी पार गार पडलेली. म्हटलं, मेलो! पण आता पुन्हा कोण तापवतंय? तसंच ओतलं तुमचं ते प्रोटीन. थोडं घुसळलं नि गेलो घरी."

"गार असताना ओतलंस?"

"शपथ, गार. पण ओरडू नका, घाणा चांगला झाला ना?"

मी धावत डबे भरणाऱ्या बायकांकडे गेले. विचारलं, रदवान रमजानात काय करायचा गं? त्या म्हणाल्या, काय करणार? तोफ झाली की टाकी बंद. जेवायचा, नमाज पढायचा, सावकाश विडी ओढायचा, मग यायचा राहिलेलं करायला. सगळेच तसं करायचे. रिकाम्या पोटी कोण टाकीशी उभं राहतंय?

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मेणाचं कवच! टाकी गरम असते तेव्हा थेंबाभोवतीचं मेण अजून पातळ असतं, आपल्या जागी नीट बसलेलं नसतं. तेवढ्यात प्रोटीन आत घुसतं आणि त्यालाही तीच जागा हवी असते. बसमध्ये माणूस अजून बूड टेकतोय तोवर दुसऱ्यानं धक्का मारून सीट पटकवावी, तसं ते मेणाला हुसकावतं. दोघंही अर्धवट बसतात, थेंब उघडा पडतो आणि तेल सुटतं. पण टाकी गार होऊ दिली, की मेण घट्ट बसतं. एकदा बसलेल्याला प्रोटीन उठवू शकत नाही. मग ते मुकाट्यानं पाण्यातच राहतं. वर्षभर आम्ही कागदावरचं ऐकून गरम गरम ओतत होतो. आणि रमजानात सगळ्यांना भूक लागायची, म्हणून घाणा टिकायचा.

आणि यंदा एक भला माणूस इतरांना सुखानं जेवता यावं म्हणून टाकीशी उभा राहिला. त्यानं टाकी गार होऊ दिली नाही.

घरी जाऊन मी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आई कडाडली, "मला मुलुखियाची भाजी करायचीय, आणि तू माझ्या पातेल्यात केसांचं क्रीम शिजवतेस? उपासाच्या दिवशी तरी डोकं ठिकाणावर ठेव गं!" पण ऐकलं नाही. एका हातानं, एकाच तेलातून दोन वाट्या केल्या. एकीत गरम असताना प्रोटीन, दुसरीत पार निवल्यावर. दोन्ही गीझरच्या अंगाला ठेवल्या. आई जाता येता त्यांच्याकडे बघून नाक मुरडत होती, आणि शेवटी तीच एका सकाळी ओरडली, "अगं, तुझी एक वाटी नासली बघ!"

दोन्ही वाट्या मी सित्त दौलतच्या टेबलावर ठेवल्या. फिक्रीही होता. होताच, तो कुठं जाणार?

"हे दोन्ही माझ्या हातचं," मी म्हटलं. "माझा उपास तोच, माझी नमाज तीच. एक फुटलं, एक नाही. एकात गरम ओतलं, एकात गार. आता बोला, बरकत माझ्या उजव्या हातात आहे की डाव्या?"

मग सगळं सांगितलं. साबेरचं बदकही सांगितलं. शब्द दिला होता खरा, पण असल्या माणसाला दिलेला शब्द पाळायला मी काही संत नाही. सित्त दौलत ऐकत होती. फिक्रीचं तोंड आधी उतरलं, मग त्याला काहीतरी सुचलं आणि तो म्हणाला, "म्हणजे झालंच ना? बिशाय तिथं उभा होता म्हणूनच घाणा फुटला! मी तेच तर म्हणत होतो!"

"हो," मी म्हटलं. "तो उभा होता म्हणूनच फुटला. आणि तो उभा कशासाठी होता, हाजी? तुमचं सूप गार होऊ नये म्हणून."

सित्त दौलत उठली, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि म्हणाली, "चल पोरी, माझ्याबरोबर."

बिशायचं घर दोन गल्ल्या पलीकडे, चौथ्या मजल्यावर. सित्त दौलतचे गुडघे दुखायचे, तरी कुठं न थांबता चढली. त्याच्या बायकोनं दार उघडलं आणि एक शब्द न बोलता आत गेली. आम्ही बसलो. एरवी अशा वेळी चहा येतो, आणि चहाच्या कपात बघत माणूस निम्मं बोलणं टाळतो. पण आमचा उपास, त्याचाही उपास. कुणाच्या हातात काही नाही. एकमेकांकडे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मी त्याला सगळं समजावलं. तो ऐकत राहिला आणि मग हसला. ते हसू मला अजून आठवतं, कारण त्यात आनंद नव्हता. "म्हणजे मीच नासवला म्हणायचा, डॉक्टरबाई."

"तुमच्या चांगुलपणानं नासवला, उस्ताद."

"टाकीवर परत ये, अबू मिना," सित्त दौलत म्हणाली. "ईदचा घाणा तुझ्याच हातून व्हायचाय."

मग त्या मऊ आवाजात म्हणाला, "एक विचारू, सित्त? रागावू नका. डॉक्टरबाईंची ती वाटी फुटली नसती तर? त्यांना कारण सापडलंच नसतं तर?"

सित्त दौलतनं उत्तर दिलं नाही. तो वाट बघत होता. मी जमिनीकडे बघत बसले. शेवटी ती उठली. "उद्या दुपारी तेल तापवतोय," एवढंच म्हणाली. तोही उठला, जिन्यापर्यंत सोडायला आला, तिच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी हात पुढं केला. पण येतो म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरी आईला सांगून टाकलं, की आज जेवायला येत नाही, हवं तर शिव्या दे. दुपार टळत आली तरी टाकीपाशी कुणी नव्हतं. साबेर टेबलाच्या कडेला मान खाली घालून बसलेला. सित्त दौलत आतल्या खोलीत काहीतरी रांधत होती, दार लावून. मी दर दोन मिनिटांनी गल्लीत डोकावत होते. आणि मग तो आला. नेहमीसारखा "सलाम" म्हणाला, बाह्या सरसावल्या आणि तेल तापवायला ठेवलं. माझा जीव भांड्यात पडला. पण तो गाणं म्हणत नव्हता.

सूर्य कलला. टाकीत क्रीम पांढरं होत आलं. आम्ही टेबलावर वर्तमानपत्रं पसरली आणि सित्त दौलतनं आतून ताटं आणायला सुरुवात केली. बिसारा, म्हणजे सोललेल्या पावट्याच्या डाळीचं दाट वरण, त्यावर कांदा. फूल, म्हणजे उकडलेला अख्खा पावटा. तेलात तळलेली वांगी. तामियाचे वडे. लोणची, भाकऱ्या, खजूर. फिक्रीनं ताटांवरून नजर फिरवली. "मांस कुठाय, वहिनी? रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत फूल?"

"तुला उपास सोडायचाय की बोकड कापायचाय?" ती म्हणाली. "आज या टेबलावर मांस नाही, दूध नाही, तूप नाही."

फिक्रीला कळलं नाही. बिशायला कळलं. मी त्याच्याकडेच बघत होते. त्यानं झटकन तोंड टाकीकडे फिरवलं.

रेडिओवर तोफ झाली. बिशाय सवयीनं म्हणाला, "चला, बसा तुम्ही. टाकी मी..." आणि मध्येच थांबला.

टेबलाभोवती सगळे बसले होते. सित्त दौलतच्या हातात खजूर होता. तो तिनं तोंडाकडे नेला नाही. ती नेत नाही म्हटल्यावर बायकांनी नेला नाही, मीही नेला नाही. बाहेर बांग चालू होती. गल्ली चिडीचूप, सगळं शुब्रा घोट घेत होतं.

"सोडा की उपास," बिशाय म्हणाला. "बांग झाली. उशीर करू नये, तुमच्यातच म्हणतात."

"टाकी बंद कर आणि ये," सित्त दौलत म्हणाली.

"सित्त, तुम्ही जेवा, मी..."

"घाणा थांबतो. आम्हीही थांबतो."

कुणी हललं नाही. फिक्रीच्या हातातला खजूर ओठांशी आला होता आणि तिथंच अडकला होता. त्याचा गळा खालीवर होत होता. एक डोळा वहिनीवर, एक बिशायवर. शेवटी त्याला राहवेना. "अरे अबू मिना, ये रे बाबा! मला साखरेचा त्रास आहे. मेलो तर तुझ्याच माथी!"

एक बाई खुदकन हसली. बिशायनं बटण दाबलं. यंत्राची घरघर थांबली. तो आला आणि साबेरनं सरकून त्याला जागा करून दिली. तो बसल्यावरही सित्त दौलतनं खजूर खाल्ला नाही.

"काल तू विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडे होतं," ती म्हणाली. सगळ्यांसमोर, फिक्रीसमोर, साबेरसमोर. "मला लाज वाटली म्हणून दिलं नाही. ती वाटी फुटली नसती, तर मीही तेच मानलं असतं. हा फिक्री बोलला, मी बोलले नाही, एवढाच आमच्यात फरक. इतकी वर्षं तुला ओळखते, आणि एका डब्यातल्या तवंगावरून... मला माफ कर, अबू मिना."

ती रडत होती. सित्त दौलतला रडताना मी तेव्हाच पाहिलं, आधी नाही, नंतर नाही. तिच्या नवऱ्याच्या मयतीतही तिनं सगळ्यांना दटावलं होतं, असं म्हणतात.

बिशायनं पाण्याचा पेला उचलला आणि तिच्यापुढं धरला. "आधी घोट घ्या, सित्त. कोरड्या घशानं माफी मागू नये, निम्मी आतच राहते."

तिनं पेला घेतला. ती प्यायली, मग आम्ही सगळे प्यायलो. त्यानं भाकरीचा तुकडा मोडून बिसारात बुडवला आणि खाल्ला. फिक्रीनं न बोलता वांग्याचं ताट त्याच्या बाजूला सरकवलं. मग हळूहळू बोलणं सुरू झालं. साबेरच्या बदकावरून त्याची चेष्टा झाली, भरणाऱ्या बायकांनी रदवानच्या विडीची नक्कल केली, बिशाय पोट धरून हसला. सित्त दौलतनं चहा टाकला. तो संपला तसा परत टाकला.

प्रोटीनची बाटली माझ्या पायाशी होती. मी मधूनच उठून टाकीच्या पत्र्याला हात लावला. पार गार झाली होती, केव्हाच ओतता आलं असतं. मी परत येऊन बसले आणि कुणाला काही सांगितलं नाही.